टकळी व हातविणकाम : घरचा छंद, शाळेचा पाठ

अन्न, वस्त्र व निवारा ही माणसाच्या प्राथमिक गरजांची तीन नावे प्रत्येक विद्यार्थी एका दमात सांगतो. त्यांपैकी अन्न कोठून येते हे कामशेतच्या पंचक्रोशीतील मुलास शिकवावे लागत नाही. भाताची लावणी, कापणी व झोडणी त्याने डोळ्यांनी पाहिलेली असते. घराचा पाया खणण्यापासून छप्पर चढेपर्यंतची कामेही तो पाहतो. वस्त्र मात्र त्याच्यापुढे येते ते बाजारातून, शिवून तयार झालेले. कापड धाग्यांचे व धागा तंतूंचा झालेला असतो, हे वाक्य त्यास पाठ असते. पण फुंकरीने उडून जाणाऱ्या तंतूपासून ओढूनही न तुटणारा धागा कसा होतो, ह्याचा अनुभव त्यास नसतो. हा अनुभव देणारे साधन अत्यंत स्वस्त व सुटसुटीत आहे. बांबूची एक काडी, एक चकती व मूठभर कापूस किंवा लोकर एवढ्यावर कताईचा आरंभ होतो, आणि एका पुठ्ठ्यावर विणाईचा. हा उद्योग घरी छंद म्हणून व शाळेत कार्यानुभवाचा भाग म्हणून कसा चालवावा, ह्याचे विवेचन पुढे केले आहे.

पूर्वपीठिका

शाळेत टकळी येण्याची ही पहिली वेळ नव्हे. 1937 च्या ऑक्टोबर महिन्यात वर्धा येथे शिक्षण परिषद भरली व डॉ. झाकीर हुसेन ह्यांच्या अध्यक्षतेखाली अभ्यासक्रमासाठी समिती नेमली गेली. तिने आखलेल्या योजनेत मूलोद्योगास रोज 3 तास 20 मिनिटे दिली होती. कताई व विणाई हा त्यातील एक प्रमुख उद्योग होता. आजही कित्येक जुन्या शाळांच्या दारावर दिसणारी ‘जीवन शिक्षण विद्यामंदिर’ ही पाटी त्याच विचाराची खूण आहे. पुढे 1964 ते 1966 ह्या काळात काम केलेल्या कोठारी आयोगाने ‘कार्यानुभव’ ही कल्पना पुढे मांडली, आणि शाळांतील टकळ्या हळूहळू कपाटात गेल्या.

असे का झाले, ह्याचा विचार नव्याने आरंभ करणाऱ्याने अवश्य करावा. उद्योगाच्या उत्पन्नातून शाळेचा खर्च निघावा ही अपेक्षा मोठी होती. मुलांच्या हातांस ती पेलणारी नव्हती. मावळासारख्या भागात कापूस पिकत नाही, त्यामुळे पेळू बाहेरून येत. पुरवठा थांबला की काम थांबे. आणि सर्वांत महत्त्वाचे म्हणजे सूत मोजले जाई, पण त्याचे कापड झालेले मुलाच्या दृष्टीस क्वचितच पडे. ज्या कामाचा शेवट दिसत नाही त्यात मुलाचे मन रमत नाही. प्रौढांचेही रमत नाही.

ह्यावरून आजच्या शिक्षकाने एकच सूत्र ध्यानी घ्यावे : सूत मोजण्यासाठी कातू नये, वस्तू पुरी करण्यासाठी कातावे. वस्तू हातरुमालाएवढी असली तरी चालेल. पण तंतूपासून वस्तूपर्यंतचा सर्व प्रवास त्याच मुलाच्या हातून झाला पाहिजे. हाताने कातणे यंत्राशी वेगात स्पर्धा करू शकत नाही. 1929 साली अखिल भारत चरखा संघाने सुधारलेल्या चरख्यासाठी एक लाख रुपयांचे बक्षीस जाहीर केले होते. त्याच्या अटी पुऱ्या करून ते कोणासही मिळविता आले नाही. म्हणून कमाईचा विचार बाजूस ठेवून छंद व शिक्षण ह्या दोन दृष्टींनीच ह्या कामाकडे पाहणे श्रेयस्कर आहे.

मावळातील कच्चा माल

मावळातील भरपूर पाऊस व भातखाचरांची जमीन कापसाच्या शेतीस मानवत नाही. तथापि थोड्या कामास पुरेल एवढा माल येथेही मिळतो.

वातींचा कापूस घरोघरी असतो. देवापुढील वाती व कापसाची वस्त्रे वळणारी आजी ही खरे म्हणजे घरातील कताईची पहिली शिक्षिका होय. कापूस मोकळा करणे, तंतू एका दिशेस ओढणे व त्यांस पीळ देणे ह्या कताईच्या तीनही क्रिया वात वळताना होतात. कताईचा पहिला पाठ तिच्यापासून घ्यावा.

देवकापसाचे झाड परसात लावता येते. ते अनेक वर्षे टिकते. पाणी साचणार नाही अशा उंचवट्यावर, शाळेच्या बागेत दोन झाडे लावल्यास बोंडापासून धाग्यापर्यंतचा क्रम मुलांस दाखविता येतो. थोड्या कापसातील सरकी हातानेच निघते. पाटावर कापूस ठेवून त्यावरून लोखंडी सळई लाटण्याप्रमाणे दाबून फिरविली म्हणजे सरकी मागे राहते व रुई पुढे सरकते.

काटेसावरीचा कापूस उन्हाळ्यात डोंगरात सहज मिळतो, परंतु तो कातला जात नाही. मुलांनी तो अवश्य कातून पाहावा. त्याचे तंतू गुळगुळीत असतात व त्यांस नैसर्गिक पीळ नसतो, म्हणून ते एकमेकांस धरून राहत नाहीत. कापसाचा तंतू वाळताना चपटा होऊन स्वतःभोवती पिळला जातो, त्यामुळे त्याची पकड बसते. न साधणाऱ्या प्रयत्नातून साधणाऱ्याचे मर्म कळते, म्हणून हा प्रयोग पाठात असावा.

लोकर हा ह्या भागातील सर्वांत उपयुक्त, पण दुर्लक्षित माल होय. पावसाळा सरला व भात निघाले की माळरानावरील धनगरांचे वाडे घाट उतरून कोकणाकडे जातात आणि पुढील पावसाळ्यापूर्वी परत देशावर येतात. बोरघाटाची वाट प्रथम एका धनगराने दाखविली अशी आख्यायिका आहे, व तेथील शिंग्रोबाचे देऊळ त्याच्या नावाने ओळखले जाते. दख्खनी मेंढीची लोकर भरड, पुष्कळदा काळी असते. घोंगडीस ती उत्तम. परंतु घोंगडीचा वापर घटला, तशी लोकरीची मागणीही घटली. अनेक ठिकाणी कातरणीची मजुरीही लोकरीतून निघत नाही, आणि ती टाकून दिली जाते. शाळेस लागणारी चार-दोन किलो लोकर मिळविण्यास अडचण पडू नये. मात्र ती फुकट मागू नये, योग्य मोल देऊन घ्यावी.

नवशिक्या हातांस लोकर कापसापेक्षा सोपी जाते. तिचा तंतू कापसाच्या तंतूपेक्षा बराच लांब असतो व त्यावर सूक्ष्म खवले असतात, म्हणून धागा वरचेवर तुटत नाही. शिक्षकांनी आरंभ लोकरीने करावा व हात बसल्यावर कापसाकडे वळावे.

पीळ म्हणजे काय?

कताईचे सारे रहस्य पिळात आहे. एक छोटा प्रयोग करावा. कापसाचा बोटभर लांब पुंजका दोन्ही हातांनी हळू ओढावा. तंतू सरकून तो तुटतो. तसाच दुसरा पुंजका ओढता ओढता बोटांनी पिळावा व मग ताणावा. आता तो टिकतो. पिळामुळे तंतू एकमेकांवर दाबले जातात, त्यांच्यात घर्षण वाढते व ते सरकू शकत नाहीत. पीळ कमी पडला तर तंतू सरकून धागा तुटतो. तो फार झाला तर धाग्यास अढी पडतात व तो कडक होतो. योग्य पीळ कोणता हे सांगण्यापेक्षा बोटांस कळू द्यावे.

पिळलेला धागा मधोमध दुमडून सोडला की त्याचे दोन पदर आपोआप उलट दिशेने एकमेकांभोवती गुंडाळले जातात. दावे व कासरा वळताना शेतकरी हेच तत्त्व वापरतो. दुपदरी सुतासाठी दोन धागे एकत्र घेऊन त्यांस मूळ पिळाच्या उलट दिशेने पीळ द्यावा. असे सूत बळकट होते व गुंतत नाही.

टकळी व तिचा उपयोग

सुमारे 25 सेंटिमीटर लांबीची, पेन्सिलीहून थोडी बारीक अशी बांबूची सरळ काडी घ्यावी. नारळाच्या करवंटीची किंवा लाकडाची 5 ते 6 सेंटिमीटर व्यासाची चकती करून तिच्या नेमक्या मध्यावर छिद्र पाडावे व ती काडीच्या खालच्या टोकाजवळ घट्ट बसवावी. वरच्या टोकास धागा अडकविण्यासाठी खाच करावी. चकतीचे छिद्र मध्यावर नसेल तर टकळी डगमगते. वर्तुळाचा मध्य काढण्याचा पाठ येथे आपोआप होतो. कापसासाठी टकळी हलकी व लहान असावी.

लोकर कातण्याची रीत अशी : धुऊन वाळविलेली लोकर बोटांनी उकलून मोकळी करावी, त्यातील काडीकचरा व गाठी काढाव्यात आणि तिच्या सैल, लांबट पट्ट्या कराव्यात. काडीस हातभर तयार दोरा बांधून तो वरच्या खाचेत अडकवावा व त्याच्या मोकळ्या टोकावर लोकरीचे तंतू ठेवून बोटांनी धरावे. टकळी उजव्या हाताने फिरवावी. पीळ दोऱ्यातून वर चढू लागला की डाव्या हाताने थोडेथोडे तंतू ओढून द्यावेत. हातभर धागा झाला की खाचेतून सोडवून काडीवर गुंडाळावा व पुन्हा खाचेत अडकवावा.

आरंभी दोन्ही क्रिया एकदम साधत नाहीत. त्यावर दोन उपाय आहेत. टकळी फिरवून पीळ साठवावा, मग ती गुडघ्यांत धरून स्थिर करावी व सावकाश तंतू ओढावेत. किंवा दोन मुलांनी मिळून काम करावे. एकाने टकळी फिरवावी व दुसऱ्याने तंतू ओढावेत. पहिला धागा जाड-बारीक व गाठाळ निघतोच. त्याबद्दल मुलास बोलू नये. तो धागा वहीस चिकटवून त्याखाली तारीख लिहावी. महिन्याने नवा धागा शेजारी लावला की प्रगती त्यास स्वतःच दिसते.

कापसासाठी पिंजलेल्या रुईचे पेळू करून घ्यावेत. टकळीचे टोक वाटीत किंवा थाळीत टेकवून फिरवावे, म्हणजे तिचा भार बारीक धाग्यावर येत नाही. मोठ्या मुलांस पुढे चरखा दाखवावा. पेटीत मिटणारा व ‘येरवडा चक्र’ ह्या नावाने ओळखला गेलेला चरखा गांधीजींच्या येरवडा तुरुंगातील प्रयोगांतून सिद्ध झाला, हे पुणे जिल्ह्यातील मुलांस विशेषत्वाने सांगण्याजोगे आहे. बोरघाटापलीकडील गागोदे ह्या गावी 1895 साली जन्मलेल्या विनोबा भावे ह्यांनीही टकळीच्या कताईचे पुष्कळ प्रयोग केले.

तयार सुताची लडी करून ती कोमट पाण्यात भिजवावी व खाली हलके वजन बांधून वाळू द्यावी. त्यामुळे पीळ स्थिर होतो.

पुठ्ठ्याचा माग

विणकामात उभ्या धाग्यांस ताणा व आडव्या धाग्यांस बाणा म्हणतात. मुलांनी घरी सुतळीची बाज पाहिली असेल तर ‘एक वर, एक खाली’ ही कल्पना त्यांस परिचित असते. जाड पुठ्ठ्याचा 18 सेंटिमीटर उंच व 17 सेंटिमीटर रुंद तुकडा घ्यावा. वर व खाली, दोन्ही बाजूंस एकेक सेंटिमीटर सोडून, अर्ध्या अर्ध्या सेंटिमीटरवर 31 खाचा कराव्यात. वरच्या खाचेतून खालच्या खाचेत असा सलग दोरा एकाच बाजूने ताणून ताणा लावावा. ताण्यासाठी दुपदरी सूत घ्यावे. बाण्याचा धागा बोथट सुईत ओवून एका धाग्यावरून व पुढच्या धाग्याखालून न्यावा. परतताना क्रम उलटा करावा. प्रत्येक फेरीनंतर धागा केसांच्या फणीने खाली ठोकावा.

मुलांकडून होणारी नेहमीची चूक म्हणजे बाण्याचा धागा ओढून घेणे. त्यामुळे कडा आत येतात व चौकोनी तुकड्याचा डमरू होतो. बाण्याचा धागा कमानीसारखा सैल टाकून मग ठोकावा, म्हणजे कडा सरळ राहतात.

असे 15 सेंटिमीटर लांबीरुंदीचे सोळा तुकडे जोडले की 60 सेंटिमीटरचे चौरस आसन होते. एका वर्गाने वर्षात असे एक आसन पुरे करावे. तुकडे रंगाने व पोताने निराळे असले तरी बिघडत नाही.

पुठ्ठ्यावर हात बसला की खऱ्या मागाची ओळख करून द्यावी. घोंगडी विणणारे सणगर खड्डामागावर बसतात. ताण्यास चिंचोक्यांची खळ देऊन ते धागे ताठ करतात. धोटा बाणा वाहून नेतो व फणी तो ठोकते. पुठ्ठ्यावर सुई व केसांची फणी जे काम करतात तेच तेथे धोटा व मागाची फणी करतात, हे मुलांस चटकन उमगते.

समवाय

हा उद्योग निरनिराळ्या विषयांशी सहज जोडता येतो.

गणित : 15 सेंटिमीटरच्या एका तुकड्यास सूत किती लागेल? ताण्याचे 31 धागे, प्रत्येक 18 सेंटिमीटर, म्हणजे 558 सेंटिमीटर. बाण्याच्या सेंटिमीटरमागे तीन ह्याप्रमाणे 45 फेऱ्या, प्रत्येक 15 सेंटिमीटर, म्हणजे 675 सेंटिमीटर. एकूण 1233 सेंटिमीटर. घट व टोके धरून 15 मीटर सूत कातावे. सोळा तुकड्यांस 240 मीटर लागेल. ताण्याचे सूत दुपदरी असल्याने तेवढ्या भागाची कताई दुप्पट होईल हेही मुलांकडून काढून घ्यावे. सुताचा अंक काढण्यासाठी लांबीच्या मीटरांस वजनाच्या ग्रॅमांनी भागावे. 20 मीटर सूत 10 ग्रॅम भरले तर अंक 2. अंक जितका मोठा तितके सूत बारीक. खादीच्या जुन्या मापात 4 फुटांची एक तार, 160 तारांची एक लटी व चार लट्यांची एक गुंडी होत असे. गुंडीचे फूट व मीटर काढण्याचे उदाहरण मोठ्या मुलांस द्यावे.

इतिहास : पुणे जिल्ह्यातच घोड नदीकाठी चांदोली येथे ताम्रपाषाणयुगीन वस्तीचे उत्खनन झाले. तेथे तांब्याचे मणी जवसाच्या तंतूंच्या धाग्यात ओवलेले आढळले. म्हणजे तीन हजारांहून अधिक वर्षांपूर्वी ह्या जिल्ह्यात कातलेला धागा वापरात होता. कामशेतपासून जवळच असलेल्या कार्ल्याच्या लेण्यांतील भिक्षूंस उषवदाताने एक गाव दान दिल्याचा लेख तेथे आहे. त्याच उषवदाताच्या नाशिक येथील लेखात विणकरांच्या श्रेणीचा उल्लेख येतो. त्याने 2000 कार्षापण विणकरांच्या एका श्रेणीकडे दरमहा शेकडा एक ह्या व्याजाने ठेवले आणि त्या व्याजातून वीस भिक्षूंस वस्त्रासाठी प्रत्येकी 12 कार्षापण मिळावे अशी व्यवस्था केली. विद्यार्थ्यांनी हिशेब करून पाहावा : वर्षाचे व्याज 240, वीस जणांत वाटल्यावर बरोबर 12. विणकरांचा संघ त्या काळी पेढीचा विश्वास सांभाळीत होता, हे ह्या एका उदाहरणाने मनावर ठसते.

विज्ञान : कापूस ओला असता अधिक बळकट होतो, लोकर ओली असता दुबळी होते. एकाच जाडीचे धागे कोरडे व ओले करून, वजने टांगून हा फरक पाहता येतो. धागा जाळून ओळखण्याची परीक्षा शिक्षकांनी स्वतः करावी. सुती धागा जळताना कागदासारखा वास येतो, लोकरीस जळक्या केसांसारखा वास येतो व कृत्रिम धागा वितळून त्याचा मणी होतो.

भाषा : सुतावरून स्वर्ग गाठणे, सूत जुळणे, धागेदोरे हाती लागणे, सुंभ जळला तरी पीळ न जाणे असे कितीतरी प्रयोग ह्या उद्योगातून भाषेत आले आहेत. टकळी हाती घेतलेल्या मुलास त्यांचा अर्थ फोड न करताही कळतो.

वर्षाची आखणी व दक्षता

मावळातील ऋतुमान ह्या कामास अनुकूल आहे. लोकर हिवाळ्यात व उन्हाळ्यात मिळवून, धुऊन, कडक उन्हात वाळवून ठेवावी. पावसाळ्यात मैदानावरील खेळ बंद असतात, तेव्हा कताई करावी. हवेतील दमटपणामुळे तंतू उडत नाहीत व कापसाचा धागाही कमी तुटतो. दुसऱ्या सत्रात विणाई करून आसन पुरे करावे. आठवड्यास वीस-वीस मिनिटांच्या तीन बैठका पुरेत. 2020 च्या राष्ट्रीय शैक्षणिक धोरणात सहावी ते आठवीच्या विद्यार्थ्यांसाठी दप्तराविना दहा दिवस सुचविले आहेत. त्यांतील एक दिवस धनगरवाड्यास किंवा विणकराच्या मागास देता येईल.

न धुतलेली लोकर मुलांच्या हाती देऊ नये. तीत धूळ, गोचीड व रोगजंतू असू शकतात. ती मोठ्या माणसांनी रिठ्याच्या कोमट पाण्यात भिजवून, न चोळता, दोन-तीन पाण्यांतून काढावी व नंतर हात स्वच्छ धुवावेत. गरम पाण्यातून एकदम थंड पाण्यात घातल्यास किंवा चोळल्यास लोकर घट्ट होऊन बसते व कातता येत नाही. टकळीची टोके घासून बोथट करावीत. लोकर मोकळी करण्याचे काम ओसरीवर किंवा उघड्यावर करावे. दमा असलेल्या मुलास ते देऊ नये. त्याने विणाई करावी. कताई मुलींची व चरखा मुलांचा अशी विभागणी होऊ देऊ नये.

ज्याचे ज्ञान त्याचा मान

ह्या उद्योगाचा एक लाभ वेळापत्रकात मांडता येत नाही, परंतु तो सर्वांत मोलाचा आहे. स्थलांतर करणाऱ्या कुटुंबांची मुले काही आठवड्यांपुरती एखाद्या शाळेत येतात व पुढे जातात. शिक्षण हमी पत्रकामुळे त्यांच्या नोंदीची सोय होते. वर्गातील त्यांचे स्थान मात्र पत्रकाने ठरत नाही. वाचनात मागे पडलेले असे मूल शेवटच्या रांगेत मुकाट बसते. त्याच वर्गात लोकरीचा पुंजका आला तर चित्र पालटते. चांगली लोकर कोणती, ती केव्हा कातरतात, काळी व पांढरी निराळी का ठेवतात, हे त्यास ठाऊक असते आणि शिक्षकासही पुष्कळदा ठाऊक नसते. त्या वेळी शिक्षकांनी त्या मुलास पुढे बोलवावे व स्वतः विद्यार्थ्याच्या जागी बसावे. त्याच्या आजीस किंवा आजोबांस मानाने शाळेत आणून त्यांच्याकडून पहिला धागा काढवून घ्यावा. घरातील ज्ञानास शाळेत जागा मिळते असे ज्या मुलास वाटते, तेच मूल शाळेतील ज्ञानासही घरात जागा देते.

आसन पूर्ण झाल्यावर ते कपाटात ठेवू नये. शाळेत येणाऱ्या पाहुण्यास, मग तो अधिकारी असो वा मेंढपाळ, त्यावर बसवावे. आसनाजवळ एक पाटी असावी व तीवर लोकर कोणाकडून घेतली, ती किती ग्रॅम होती, सूत किती मीटर निघाले व कोणकोणत्या मुलांनी कातले-विणले ह्याची नोंद असावी. ही नोंद मुलांनीच लिहावी.